शोपेनहाउअरचा अपूर्णांक

लातूरहून नांदेडला येताना एसटीत मोबाइलवर 'गीतारहस्य' वाचत होतो. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला, १९१५ साली छापलेला ग्रंथ. त्यात शोपेनहाउअरचा अपूर्णांक भेटला: भोगलेलं सुख वर, सुखाची इच्छा खाली. छेद अंशापेक्षा भराभर वाढतो, म्हणून उत्तर कायम एकाच्या खालीच. (आम्हा इंजिनिअरांना हे लगेच पटतं.)

ख्रिस्ती धर्मात शोपेनहाउअरला हेच भावलं. देव अमान्य; पण मूळ पाप, इच्छात्याग, वैराग्य मान्य. सृष्टी चांगली आहे, हा जुन्या कराराचा सूर त्याला खपत नसे, आणि नव्या कराराचं मूळ तो भारतात शोधायचा. टिळकही तो धर्म मुळात संन्यासपर मानतात, बौद्ध धर्माशी जोडतात. एकाला संन्यासाला साक्षीदार हवा होता, दुसऱ्याला कर्मयोगासाठी प्रतिपक्ष.

दोघांनीही धर्म पोथीतच पाहिला. आपल्याच मराठवाड्यात, जालन्याजवळ, नारायण शेषाद्रींनी १९व्या शतकात बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. तिथे आलेल्यांत गावकुसाबाहेरचे मांग-महार बरेच. ज्यांच्या हाती काहीच नव्हतं, त्यांनी त्यागायचं काय? त्यांना हा धर्म राहायला गाव देत होता. ही गोष्ट शोपेनहाउअरच्या मांडणीत बसत नाही, आणि टिळकांच्याही.