लेस आणि साखर

रेम्ब्रांटने १६३४ साली मार्टेन सोलमन्स आणि ओप्येन कोपित या श्रीमंत दांपत्याची पूर्णाकृती चित्रे रंगवली. काळ्या रेशमावरची पांढरी लेस, मार्टेनच्या बुटांवरची टपोरी फुले, त्याने पुढे धरलेला हातमोजा. या हातमोज्यात समीक्षक विवाहबंधनाचे प्रतीक वाचतात. लेसचा पोत जिवंत करणारा हा कुंचला थोर आहे, यात वाद नाही. पण मार्टेनच्या बापाचा ॲमस्टरडॅममध्ये साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता, आणि कच्ची साखर ब्राझीलच्या मळ्यांतून, गुलामांच्या श्रमांतून येत होती. चित्रात ऊस कुठेच नाही. २०२१ साली राइक्सम्युझियमने गुलामगिरीवरील प्रदर्शनात ओप्येनचे चित्र मांडून हा संबंध उघड केला. वर्गात ही चित्रे दाखवताना लेसचे सौंदर्य जरूर सांगावे; ती लेस कोणाच्या घामावर विकत घेतली, हेही त्याच तासाला विचारावे.