प्रमाणपत्र मिळालं, पण ‘नाही’ म्हणायला कोण शिकवणार?

क्लिनिकल रिसर्चमध्ये असाल तर हे तुम्हीही केलं असेल: ऑनलाइन एथिक्स मॉड्यूल उघडायचं, टस्कीगीचा धडा भराभर पुढे सरकवायचा, उत्तरं टिकमार्क करायची, प्रमाणपत्राची पीडीएफ जपून ठेवायची. कार्ल एलिअट यांचं 2024चं ‘द ऑकेजनल ह्यूमन सॅक्रिफाइस’ वाचताना त्या पीडीएफचं मोल किती, हा प्रश्न पाठ सोडत नाही.

एलिअट मिनेसोटा विद्यापीठात बायोएथिक्स शिकवतात. टस्कीगी, विलोब्रुक, स्टॉकहोमचं कॅरोलिन्स्का इथले गैरप्रकार चव्हाट्यावर आणणाऱ्या माणसांबद्दल हे पुस्तक आहे. पण त्याच्या मुळाशी आहे त्यांच्याच विद्यापीठातलं डॅन मार्किंगसन प्रकरण. 2003मध्ये सायकोसिस झालेल्या डॅनपुढे कोर्टाची अट होती: डॉक्टरांचं ऐक, नाहीतर सक्तीने भरती. त्याच दिवसांत त्याने अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या पैशांवर चाललेल्या, तीन अँटिसायकोटिक औषधांची तुलना करणाऱ्या चाचणीच्या संमतीपत्रावर सही केली. उपचार करणारा डॉक्टर आणि तिथला प्रमुख संशोधक एकच. मुलगा खालावतोय, असं आई पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मे 2004मध्ये डॅनने आत्महत्या केली. राज्याच्या विधिमंडळाच्या लेखापरीक्षकांनी विद्यापीठावर ताशेरे ओढले ते थेट 2015मध्ये.

एलिअट या माणसांना देव्हाऱ्यात बसवत नाहीत, हे पुस्तकाचं मोठं बळ. तोंड उघडल्यावर नोकरी, मैत्री, झोप यांचं काय होतं, ते सरळ दाखवतात. माझी तक्रार वेगळी आहे. सगळा भर अशा विरळा व्यक्तींवर असल्यामुळे वाटायला लागतं, की एकतर तुम्ही टस्कीगीचा पीटर बक्स्टन, नाहीतर गप्प बसणारे. मानसोपचाराच्या चाचण्यांत मात्र बरंचसं त्याआधीच, संमती घेतानाच्या छोट्या खोलीत ठरतं.

तिथे आपण काय शिकून जातो? रुग्णाची क्षमता तपासायला मॅककॅट-सीआर नावाची मुलाखत आहे. समजलं का, ते स्वतःला लागू आहे हे उमगलं का, तुलना करता येते का, निवड सांगता येते का, हे चार भाग ती मोजते. चारही उत्तम जमले तरी माणूस मोकळा असतोच असं नाही. समोरच्या डॉक्टरच्या शब्दावर आपलं घरी राहणं अवलंबून असेल, तर ‘हो’ला काय अर्थ? शिवाय चाचणी म्हणजे आपल्यासाठीच आखलेला उपचार, असा रुग्णांचा समज होतो, हे पॉल अ‍ॅपेलबाम आणि सहकाऱ्यांनी 1982मध्येच मांडलं होतं.

आणि खोलीतला दुसरा माणूस? तो कोऑर्डिनेटर असतो किंवा पोस्टडॉक. रिक्रूटमेंटचा आकडा गाठायचाय, शिफारसपत्र पीआयकडून हवंय, आणि आपल्यासारख्या कित्येकांचा व्हिसासुद्धा त्याच नोकरीला बांधलेला. ‘सर, याला घेऊ नये’ हे वाक्य त्याला कुठल्याच मॉड्यूलने शिकवलेलं नसतं.

म्हणून एलिअट जरूर वाचा, पण केवळ धैर्याची गोष्ट म्हणून नको. आपल्या लॅबमध्ये तीन गोष्टी विचारा: क्षमता तपासणारा माणूस चाचणीबाहेरचा आहे का? नातेवाइकाचा फोन आला तर तो पीआयखेरीज कोणाकडे जातो? आणि नकार देण्याचा सराव आपण कधी केलाय का? धैर्य सगळ्यांकडे नसतं. व्यवस्था अशी हवी, की त्याची गरजच कमी पडावी.