साथीचा ताल : सोल-फंक संगीत आणि हलगी-ढोलकीच्या आस्वादाचा प्रश्न

मराठी संगीतसमीक्षेने गायकीला जेवढे लक्ष दिले तेवढे साथीला दिले नाही. अब्दुल करीम खाँ यांच्या वास्तव्यामुळे मिरजेला लाभलेली प्रतिष्ठा आणि तेथील सतार-तंबोऱ्याची कारागिरी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्याच सांगली जिल्ह्यातील तमाशाच्या बोर्डावर किंवा साताऱ्याकडील कुस्तीच्या मैदानात वाजणारी हलगी मात्र 'वातावरणनिर्मिती' या एका शब्दात संपविली जाते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे सोल व फंक संगीत ऐकताना ही उणीव प्रकर्षाने जाणवते.

चर्चमधील गॉस्पेल आणि ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्या संयोगातून १९५० नंतरच्या दशकात सोल आकारास आले. ॲरेथा फ्रँकलिन यांच्या आवाजाची थोरवी सर्वमान्य आहे. परंतु या संगीताचा अर्धा प्राण वादकांच्या हाती होता. मेम्फिस येथील 'बुकर टी. अँड द एम.जी.ज' या वृंदाची 'ग्रीन अनियन्स' (१९६२) ही शब्दविरहित रचना त्याची साक्ष देते. ऑर्गनची लहानशी आकृती पुनःपुन्हा येते, गिटार मोजके बोलते. वर्णभेदाच्या त्या शहरात या वृंदात काळे-गोरे एकत्र वाजवीत होते, हेही विसरता येत नाही.

जेम्स ब्राउन यांनी १९६५ नंतर फंकमध्ये पहिल्या मात्रेवर सारा भार टाकला. आपल्याकडील समेशी तिचे साम्य आहे, पण ते वरवरचे. सम ही वळणे घेत गाठण्याची जागा. फंकमधील पहिली मात्रा ही प्रत्येक वेळी पाय रोवण्याची जागा होय. ब्राउन यांच्या 'फंकी ड्रमर' (१९७०) या ध्वनिमुद्रिकेत इतर वाद्ये थांबतात आणि क्लाइड स्टबलफील्ड यांचा ड्रम काही आवर्तने एकटाच वाजतो. तो तुकडा पुढे शेकडो हिप-हॉप गीतांत उचलला गेला. रचनाकार म्हणून नाव ब्राउन यांचे राहिले. स्टबलफील्ड यांना त्याचा मोबदला जवळजवळ मिळाला नाही.

तमाशात गणाच्या आधी ढोलकी व हलगी यांची झड लागते. शब्द नसतो, नर्तकी नसते. फडाचे खरे वाद्यसंगीत हेच. विस्तवावर तापवून ताणलेल्या हलगीच्या चामड्यावर एक जाड व एक बारीक काडी पडते आणि ढोलकीच्या घुमाऱ्याला ती तोडीस तोड उत्तर देते. फंक आपली लय जागेवर धरून ठेवते, हलगी ती चढवीत नेते; त्यामुळे दोहोंना एकाच मापाने मोजणे उचित नव्हे. मात्र प्रमुख गायकामागे झील धरणारे सुरते आणि सोलमधील सवाल-जबाबी गायन यांचे नाते कानाला लगेच पटते. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) यांची कवने अभ्यासली गेली, पवळेचे नावही लोकस्मृतीत राहिले. त्यांच्या फडात हलगी कोणी वाजविली, हा प्रश्न अभ्यासकांना क्वचितच पडला.

अर्थात येथे सरळ गौरवाची भाषा वापरणे धोक्याचे आहे. दलित पँथरने (१९७२) ब्लॅक पँथरपासून नावासह प्रेरणा घेतली. पण हलगीचा अभिमान ही त्या चळवळीला सोपी गोष्ट नव्हती. ड्रम हे स्टबलफील्ड यांनी निवडलेले वाद्य होते. हलगी ही गावकीने लादलेली सेवा होती : मिरवणुकीपुढे, मयतापुढे, लग्नात वाजवायची आणि पंगतीत दूर बसायचे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांनी हे काम जाणीवपूर्वक सोडले. प्रेक्षागृहात बसून हलगीला 'आपला वारसा' म्हणणाऱ्या रसिकाला हा नकारही त्या वाद्याच्या इतिहासात धरावा लागेल. जे मातंग वादक आजही मैदानात वाजवितात त्यांची बिदागी, त्यांची नावे आणि त्यांच्या बोलांची नोंद या गोष्टी त्याच आस्वादाचा भाग आहेत.