आदिलाबादचे गोंड आणि अभ्यासाची साधने

प्राचीन काव्याचा पाठ ठरविताना मराठी अभ्यासक केवढी दक्षता बाळगतो! पोथी कोणी उतरविली, केव्हा उतरविली, कोणत्या प्रतीवरून उतरविली, हे विचारल्यावाचून तो एक ओवीही स्वीकारीत नाही. तोच अभ्यासक एखाद्या जमातीविषयी लिहू लागला म्हणजे मात्र ही सारी दक्षता कोठे जाते, हे आम्हांस कळत नाही. तेथे छापलेले ते प्रमाण, आणि हल्ली तर पडद्यावर दिसलेले तेही प्रमाण. प्रबंधांच्या शेवटी येणारी संदर्भांची यादी दरवर्षी लांबत चालली आहे. साधनांची पारख त्या मानाने वाढली आहे, असे म्हणवत नाही. समाजशास्त्राचे साधन हेही पोथीसारखेच तपासले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे. ते स्पष्ट करण्यासाठी आदिलाबाद जिल्ह्यातील गोंडांचे उदाहरण घेऊ. ते आम्ही मुद्दाम निवडले आहे. कारण या साधनांशी मराठीचा संबंध निकटचा आहे आणि त्याचा विसर मराठीलाच अधिक पडला आहे.

या विषयावरील आद्य ग्रंथ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडोर्फ यांचा. 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' हा त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये लंडनहून निघाला. ग्रंथकार व्हिएन्नाचे; दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरल्यामुळे त्यांच्या हालचालींवर निर्बंध आले आणि ते हैदराबाद संस्थानात अडकून पडले. या सक्तीच्या मुक्कामातूनच त्यांचे हैदराबादमधील जमातींचे अध्ययन घडले. ते मारलवाई या गोंड गावी राहिले, गोंडी शिकले आणि प्रधानांच्या तोंडून कुळकथा टिपून घेतल्या. ग्रंथाचे मोल येथे आहे. परंतु त्याच वेळी ते निजाम सरकारचे सल्लागारही होते, हे वाचकाने विसरता कामा नये. त्यांच्या अहवालांनी जमिनींविषयीचे धोरण बदलले, म्हणून ते अहवाल थोर आहेत. आणि ते सरकारसाठी लिहिले गेले, म्हणून त्यांत काय आले व काय राहिले, हेही विचारले पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

१९४८ चा ग्रंथ हा 'मिथ अँड रिच्युअल' एवढाच पहिला भाग होता. समाजरचनेचे सविस्तर वर्णन 'द गोंड्स ऑफ आंध्र प्रदेश' या नावाने १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे दोन ग्रंथांत तीन दशकांचे अंतर पडले. दुसऱ्या ग्रंथात चाळिशीच्या दशकातील टिपणे आणि सत्तरीच्या दशकातील पुनर्भेटींत पाहिलेले एकत्र आले आहे. त्यातले एखादे वाक्य उचलून 'गोंड असे करतात' असा वर्तमानकाळ लिहिणारा अभ्यासक कोणत्या वर्षीच्या गोंडांविषयी बोलत असतो? पोथीच्या बाबतीत ज्याला आपण प्रक्षेप म्हणतो, त्याच्याच जातीचा हा दोष आहे; येथेही तो मूळ लेखकाने नव्हे, उतरवून घेणाऱ्याने केलेला असतो.

दुसरे नाव सेतुमाधवराव पगडी यांचे. शिवकालाचे इतिहासकार म्हणून त्यांना कोण ओळखत नाही? पण हैदराबादच्या मुलकी सेवेत असताना ते आदिलाबादच्या गोंड व कोलाम लोकांत वावरले, त्यांच्या भाषा शिकले आणि त्या भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली, हे फारसे कोणाला स्मरत नाही. 'अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद' हे त्यांचे पुस्तकही याच अनुभवातले. अमेरिकन भाषापंडित मरे एमेनो यांनी १९५५ मध्ये कोलामीवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पगडींच्या सामग्रीचा उपयोग केला आहे. दूरच्या पंडिताला हे साधन सापडले. आमच्या विद्यापीठांतून पगडींचे हे अंग किती वेळा चर्चेला येते? पगडींनी मराठ्यांचा इतिहास मराठीत लिहिला, गोंडी व कोलामीची व्याकरणे इंग्रजीत. त्यामुळे मराठी वाचकापुढे अर्धेच पगडी उभे राहिले, हे नाकारता येणार नाही.

आता मराठीचा संबंध पाहू. गोंडांच्या कुळकथा गाणारे प्रधान हे कथा गोंडीत सांगतात, पण त्यांची घरातली बोली मराठी आहे. १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले, तेव्हा गोंडी वाचनमाला छापली गेली ती देवनागरी लिपीत. त्या मुलखातील व्यवहाराची भाषा मराठी होती, हेच त्याचे कारण. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि शाळेची भाषा तेलुगू झाली. म्हणून आदिलाबादच्या एका पिढीचे कागद उर्दूत, शाळेची पुस्तके देवनागरीत, पुढच्या पिढीची तेलुगूत आणि त्या सर्वांवरील ग्रंथ इंग्रजीत आहेत. यांपैकी एकच भाषा जाणणारा संशोधक एकच दार उघडून सारा वाडा पाहिल्याचे सांगत असतो.

आकड्यांच्या साधनांतही असेच खड्डे आहेत. १९५६ मध्ये किनवट व राजुरा हे मराठी मुलूख आदिलाबादमधून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात आले, आणि मुधोळ हा तालुका नांदेडमधून आदिलाबादला जोडला गेला. म्हणून १९५१ व १९६१ च्या जनगणनांतील 'आदिलाबाद जिल्हा' हा एकच प्रदेश नव्हे. २०१६ मध्ये या जिल्ह्याचे पुन्हा चार जिल्हे झाले. ज्या मारलवाईवर सारा अभ्यास उभा आहे, ती आज आदिलाबाद जिल्ह्यात नसून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. सीमा न तपासता दोन जनगणनांची वजाबाकी करणारा विद्यार्थी लोकसंख्येची घट किंवा वाढ शोधीत नाही; तो फक्त सरकारी हुकमाचा परिणाम मोजतो. संस्थानी कागदांतील फसली सनाचेही तसेच. हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होई. इसवी सन काढण्यासाठी त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. जमातींच्या प्रदेशासंबंधीचा १३५६ फसलीचा कायदा १९४६ चा, हे ज्याला उमगत नाही त्याची सारी कालसंगती ढासळते.

सर्वांत कठीण परीक्षा कुमरम भीम यांच्या चरित्राची. १९४० मध्ये जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात ते मारले गेले, हे निर्विवाद. पण दिवस कोणता? कोठे १ सप्टेंबर लिहिलेला आढळतो, कोठे ऑक्टोबर. स्मृतिदिन तर आश्विन पौर्णिमेच्या तिथीने पाळतात. 'जल, जंगल, जमीन' ही घोषणा त्यांच्या नावावर आहे. ती कोणत्या समकालीन कागदात येते, हा प्रश्न विचारणे म्हणजे त्या वीराचा अवमान नव्हे. लोकस्मृती हे साधनच आहे. मात्र ती १९४० चे साधन आहे की स्मरण करणाऱ्या पिढीचे, हे ठरविले पाहिजे. २०२२ च्या 'आरआरआर' या चित्रपटात भीम व अल्लुरी सीताराम राजू यांची मैत्री दाखविली आहे. ती उघड कल्पना आहे, परंतु उद्याच्या निबंधात ती इतिहास म्हणून उतरणार नाही, याची हमी कोणी द्यावी? २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे झालेल्या गोळीबारातील मृतांचा सरकारी आकडा १३ आहे; नागरी हक्क संघटनांनी दिलेला त्याहून कितीतरी मोठा. येथे एक आकडा निवडून दुसरा गाळणे हा पक्षपात होय. दोन्ही द्यावेत, कोणी व कशावरून दिले तेही द्यावे.

साधने दुर्मीळ आहेत ही सबब आता पुरेशी उरलेली नाही. हायमेनडोर्फ यांचा 'ट्राइब्स ऑफ इंडिया' (१९८२) हा ग्रंथ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने संगणकीय जाळ्यावर मोफत ठेवला आहे. त्यांची छायाचित्रे व टिपणे लंडनच्या पौर्वात्य व आफ्रिकी अध्ययनसंस्थेत जतन केलेली आहेत. सय्यद सिराज-उल-हसन यांचा संस्थानातील जातिजमातींवरील १९२० चा ग्रंथ, ग्रियर्सनच्या भाषापाहणीचा गोंडी असलेला चौथा खंड, जुन्या जनगणनांचे अहवाल, हे सारे घरबसल्या वाचता येते. 'शोधगंगा'त प्रबंधांची रास आहे. पण एका प्रबंधातील चूक दहा प्रबंधांत उतरली म्हणून ती दहा साक्षीदारांची साक्ष होत नाही, ती एकाच साक्षीदाराची दहा नकला असतात. शोध घेताना नावांची सर्व रूपे घ्यावीत: कुमरम, कोमरम, कुमुरम; प्रधान आणि परधान; गोंड आणि त्यांचे स्वतःचे नाव कोइतूर. मुधोळ म्हटले की घोरपड्यांचे मुधोळ हाती लागण्याचा धोकाही ध्यानात असावा. आणि जे जाळ्यावर नाही, त्यासाठी हैदराबादचे राज्य अभिलेखागार व अफजलगंजचे जुने आसफिया ग्रंथालय यांच्या पायऱ्या चढाव्याच लागतात.

शेवटचे साधन म्हणजे स्वतः गोंड. गुंजाळा या गावी गोंडी लिपीतील हस्तलिखिते मिळाली, ती वाचणारे मोजके वृद्ध तेथेच होते. २०१८ मध्ये त्या लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. ज्यांना आपण आजवर केवळ 'माहितगार' म्हणत आलो, ते आपल्या पोथ्यांचे धनी निघाले. ही घटना आम्हांस फार बोलकी वाटते. आजचा गोंड विद्यार्थी आपल्या आजोबांविषयी इंग्रजीत वाचतो आणि त्यातील चूक ओळखूही शकतो. ती चूक त्याने दाखविली तर आपली यादी तिला जागा देईल काय? शिक्षकांनी पुढील प्रबंध हाती घेताना संदर्भांची संख्या मोजू नये. प्रत्येक साधनापुढे तीन प्रश्न लिहून घ्यावेत: कोणी सांगितले, केव्हा सांगितले, कोणासाठी सांगितले. पोथीला जो न्याय आपण देतो, तो माणसांना नाकारण्याचे काही कारण नाही.