वीस पानं आणि तीनशे अंक

तुम्ही स्वतःची कॉमिक मालिका काढायला बसलात, तर पहिला प्रश्न गोष्टीचा येत नाही. 'एका अंकात किती पानं?' हा येतो. माझ्या पीएचडीच्या कामात मी स्वतः लिहून, स्वतः काढून, स्वतःच छापलेल्या मालिका वाचते, आणि या एका आकड्याकडे समीक्षक किती कमी बघतात याचं मला नवल वाटतं. पानांची संख्या ही छापखान्याची बाब, असं समजून सोडून देतात. ती तशी आहेच, पण तेवढीच नाही.

आधी छापखान्याचं उरकून घेऊ. (पान म्हणजे इथे कागदाची एक बाजू.) कागद पाठपोट छापून मधोमध दुमडला की चार पानं होतात. म्हणून पिन मारलेला अंक चाराच्या पटीत असतो : १६, २०, २४, ३२. मोठ्या छपाईत १६ पानांचा फर्मा, दोन फर्म्यांचे ३२. आपल्यापैकी अनेकजण ज्यावर वाढले ती 'अमर चित्र कथा' ३२ पानांची. त्या ३२ पानांत एक आख्खं चरित्र बसवायचं, त्यामुळे प्रसंग भराभर सरकतात आणि चौकटीत निवेदन जास्त लागतं. महाभारताला मात्र तेच माप पुरेना, म्हणून त्याचे ४२ अंक झाले. म्हणजे बघा, आकडा बदलला की सांगण्याची पद्धतही बदलते.

आता मुद्द्याची मालिका. कॅनडातल्या किचनर गावच्या डेव्ह सिमने डिसेंबर १९७७ मध्ये 'सेरेबस' सुरू केली. नायक आर्डव्हार्क, म्हणजे मुंग्या खाणारा एक लांब तोंडाचा प्राणी. सुरुवातीला ही तलवारबाज नायकांची टिंगल होती. काही वर्षांतच सिमने जाहीर केलं की मालिका ३०० अंक चालेल आणि शेवटच्या अंकात सेरेबस मरेल. बहुतेक अंकांत गोष्टीची २० पानं, पुढे दर महिन्याला एक अंक. गुणाकार तुम्हीच करा : ६,००० पानं. तो २१ वर्षांचा असताना हे सुरू झालं आणि मार्च २००४ मध्ये ३०० वा अंक आला तेव्हा तो ४७ वर्षांचा होता. मालिका ठरल्याप्रमाणे संपली. इतका मोठा शब्द पाळणारा दुसरा स्वप्रकाशक माझ्या वाचनात नाही.

पण यात दोन वेगवेगळे आकडे आहेत आणि आपण ते एकत्र मोजतो. वीस हा आकडा अंकाचा, तीनशे हा आयुष्याचा. माझं मत असं की पहिल्याने सिमला घडवलं आणि दुसऱ्याने त्याच्याकडून वसुली केली.

वीसचं आधी बघू. महिन्याला २० पानं म्हणजे जवळजवळ कामाच्या प्रत्येक दिवशी एक पूर्ण पान : आराखडा, पेन्सिल, शाई, फुग्यांतली अक्षरं, सगळं. एकट्याने हे किती वर्षं चालणार? ६५ व्या अंकापासून गेरहार्ड नावाचा चित्रकार आला आणि शेवटपर्यंत राहिला. सिम पात्रं काढायचा, गेरहार्ड खोल्या, जिने, खुर्च्या, खिडकीतला उजेड. पुढच्या अंकांत जागा एवढी खरी का वाटते, याचं एक कारण साधं आहे : वीस पानांचा हप्ता भरायला दोन हात कमी पडत होते. शैलीबद्दल लिहिताना आपण 'प्रतिभा' म्हणून मोकळे होतो, इथे वेळापत्रकही तितकंच जबाबदार आहे.

शिवाय ठरलेल्या हप्त्यामुळे सिमला उधळपट्टी करता आली. पुढच्या महिन्यात आणखी वीस पानं आहेतच, हे माहीत असलेला माणूस एका संभाषणाला अख्खा अंक देऊ शकतो. ५२ ते १११ या अंकांतली 'चर्च अँड स्टेट' अशीच ऐसपैस आहे आणि ती चंद्रावर पोचते तेव्हा तो विस्तार सार्थ वाटतो. त्यानंतरच्या 'जाकाज स्टोरी'त चित्रांच्या जोडीला गद्याची पानं येतात. तिथे गद्य जाकाचं बालपण सांगतं आणि चित्रं तिचं आजचं घर दाखवतात. दोन्ही एकमेकांना लागतात.

आता तीनशे. शेवटच्या टप्प्यात, विशेषतः 'लॅटर डेज'मध्ये, बारीक टायपातलं धर्मग्रंथावरचं भाष्य पानामागून पान येतं. गद्य इथेही आहे, पण चित्राला त्याची गरज नाही आणि त्याला चित्राची नाही. मला ते वाचताना असं वाटतं की गोष्ट आधीच संपली होती, अंक उरले होते. १८६ व्या अंकातल्या स्त्रियांविषयीच्या मजकुराने अनेक वाचक दुरावले, मीही तो मजकूर समर्थनीय मानत नाही. पण तो मतांचा प्रश्न झाला. रचनेचा प्रश्न वेगळा आहे : ज्याने २५ वर्षं आधी मोठा आकडा जाहीर केला, त्याला थांबायची मुभाच उरली नव्हती.

याच्या शेजारी जेफ स्मिथची 'बोन' ठेवा. अमेरिकेतल्या ओहायोचा हा माणूस ॲनिमेशनमधून आला. १९९१ ते २००४, एकूण ५५ अंक, एकत्रित खंड १,३०० पानांच्या वर. भागाकार केला तर अंकामागे साधारण २४ पानं. इथे अंक दर महिन्याला आलाच असं नाही, वाचकांना वाट पाहावी लागली. त्या बदल्यात विनोदाला हवी तेवढी जागा मिळाली. हिवाळा हळूहळू न येता बर्फाचा एक गठ्ठा धप्पकन पडून येतो, हा विनोद आठवा. त्याआधीच्या शांत चौकटी काढून टाका, विनोद मेलाच. अंक एकत्र बांधले तरी सांधे फारसे दिसत नाहीत. 'सेरेबस'चे जाडजूड खंड वाचताना मात्र मला दर वीस पानांनी ठोका ऐकू येतो. (मला तो आवडतो, हेही सांगून टाकते.)

म्हणून तुम्ही विचाराल की मग किती पानं, तर माझं उत्तर असं : अंकाचा आकडा लहान ठेवा आणि घट्ट धरा. १६ पानं घ्या, त्यातली दोन नाव-पत्ता आणि पत्रांना सोडा, १४ उरतात. पान उलटल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरतं ते डावीकडचं, म्हणजे सम आकड्याचं पान. धक्का द्यायचा असेल तर तो तिथे, आणि त्याची चाहूल त्याआधीच्या उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत. सोळा पानांच्या अंकात असं उलटणं सातच वेळा येतं. ती सात ठिकाणं आधी कागदावर लिहून काढा, संवाद नंतर.

एकूण अंक किती, हे मुखपृष्ठावर छापू नका. शेवट काय ते स्वतःला माहीत असू द्या, पण तो कितव्या अंकात येणार हे वाचकाला सांगायची घाई कशाला? पहिले तीन अंक पूर्ण काढून झाले की एका पानाला तुम्हाला खरोखर किती दिवस लागतात ते कळेल. मगच पहिला अंक छापायला द्या.