ग्रंथसंग्रहालय की वाचनालय? : स्वामित्वहक्काच्या कायद्यातील एका उणिवेची चिकित्सा

सार्वजनिक ग्रंथसंस्थेसाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत. ठाणे (१८९३) व मुंबई (१८९८) येथील संस्थांनी ‘ग्रंथसंग्रहालय’ हे नाव धारण केले. गावोगावच्या संस्थांनी बहुधा ‘वाचनालय’ हा शब्द पसंत केला. पहिल्या शब्दाच्या केंद्रस्थानी ग्रंथ आहे. दुसऱ्याच्या केंद्रस्थानी वाचनाची क्रिया, आणि म्हणून अध्याहृत असा वाचक. व्यवहारात हे शब्द एकाच अर्थाने योजले जातात. भारताचा १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा मात्र बारकाईने वाचला असता केवळ पहिल्या प्रकारची संस्था ओळखतो, असे दिसून येते.

या कायद्याच्या कलम ५२ मध्ये हक्कभंग न ठरणाऱ्या कृतींची यादी आहे. तीतील ‘ओ’ हा खंड ग्रंथालयांविषयी आहे. जो ग्रंथ भारतात विक्रीस उपलब्ध नाही, त्याच्या जास्तीत जास्त तीन प्रती बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला ‘ग्रंथालयाच्या उपयोगासाठी’ करता येतात. २०१२ च्या दुरुस्तीने आलेला ‘एन’ हा खंड संग्रहातील ग्रंथाची इलेक्ट्रॉनिक प्रत साठवण्यास अनुमती देतो. परंतु ती ‘जतनासाठी’. उपयोग ग्रंथालयाचा, जतन ग्रंथाचे. वाचक दोन्ही वाक्यांत कोठेही नाही. जतन केलेली प्रत त्याला दाखवावी की नाही, याविषयीही खंड मौन पाळतो.

वाचकाची तरतूद निराळ्या ठिकाणी आहे. ‘ए’ या खंडानुसार संशोधनासह खाजगी उपयोगासाठी कृतीचा न्याय्य वापर करण्यास कोणालाही मोकळीक आहे. म्हणजे वाचकाला हक्क आहे आणि ग्रंथालयाजवळ ग्रंथ आहे. परंतु या दोहोंना जोडणारे वाक्य कायद्यात नाही. दूरच्या संशोधकाला एका लेखाची प्रत काढून पाठवणाऱ्या ग्रंथपालाला ‘ए’ खंडाचा आश्रय मिळावा, असा युक्तिवाद करता येईल. तथापि जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगास कलम ६३ अन्वये तुरुंगवासाची शिक्षा आहे. युक्तिवादाच्या भरवशावर जोखीम पत्करण्याची अपेक्षा ग्रंथपालाकडून कशी करावी? ब्रिटनच्या १९५६ च्या कायद्याने अभ्यासकाला लेखाची प्रत पुरवण्याची मुभा ग्रंथपालाला स्पष्ट शब्दांत दिली होती. अवघ्या एका वर्षानंतरच्या भारतीय कायद्यात ते कलम आले नाही, आणि २०१२ सालीही ही उणीव भरून निघाली नाही.

मराठीच्या अभ्यासकाला ही उणीव विशेष जाचते. बोलींचे कोश, व्याकरणविषयक प्रबंध, जुनी नियतकालिके यांची बहुधा एकच आवृत्ती निघते, आणि ती संपल्यावर ग्रंथ मोजक्या संग्रहांत उरतो. स्वामित्वहक्काची मुदत मूळ कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या कृतींवरील हक्क संपुष्टात येण्याच्या निमित्ताने ती १९९२ साली ६० वर्षे झाली, आणि हा लाभ सर्वच ग्रंथांना मिळाला. परिणामी १९७० साली निवर्तलेल्या लेखकाचा ग्रंथ २०३१ च्या आरंभापर्यंत बंधनात राहील, मग त्याचे पुनर्मुद्रण करणारा कोणी असो वा नसो. ‘विक्रीस उपलब्ध’ या शब्दप्रयोगाचीही व्याख्या कायद्यात नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानात धूळ खात पडलेली एक जीर्ण प्रत म्हणजे उपलब्धता काय?

शब्दार्थ व्यापक करण्याचे कार्य न्यायालये करू शकतात, हे खरे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध तीन परदेशी प्रकाशनसंस्थांनी २०१२ साली दावा दाखल केला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. ९ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने काही मुद्दे फेरसुनावणीसाठी परत पाठवले. तथापि ‘अध्यापनाच्या ओघात’ या शब्दांची व्याप्ती वर्गातील तासापुरती नाही, हे तत्त्व त्यानेही मान्य केले. २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला. हा निर्णय स्वागतार्ह होय. पण त्याचा आधार शिक्षक आणि विद्यार्थी यांचा स्पष्ट उल्लेख करणारा खंड हा होता. वाक्यात असलेल्या शब्दाचा अर्थ विस्तारता येतो. नसलेल्या शब्दाचा विस्तार कसा करणार?

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, मराठी प्रकाशन-व्यवसाय आधीच दुर्बळ असून अशा सवलतींनी तो अधिकच खचेल. आक्षेप गंभीर आहे. जो ग्रंथ बाजारात मिळतो त्याच्या समग्र प्रती वाटण्याची मुभा कोणीही मागू नये. परंतु ज्याची विक्रीच थांबली आहे, त्या ग्रंथातील एका प्रकरणाची प्रत अभ्यासकाला दिल्याने कोणाची मिळकत बुडते?

असे वाक्य रचणे संसदेला अशक्य नाही. २०१२ च्या दुरुस्तीतच अपंग व्यक्तींसाठी सुलभ प्रती तयार करण्यास संस्थांना परवानगी देण्यात आली. तेथे संस्था, ग्रंथ आणि वाचक हे तिघेही एकाच खंडात आले, आणि नफा न घेता केवळ खर्च वसूल करण्याची मर्यादाही घातली गेली. हाच नमुना ग्रंथालयांच्या खंडास लावणे उचित ठरेल. तोवर कायद्याच्या दृष्टीने आपली वाचनालये ही ग्रंथसंग्रहालयेच राहतील.