प्रोग्रॅमिंगचे दोन प्रवेशग्रंथ : एक तौलनिक विचार

पाठ्यपुस्तकाचे परीक्षण करताना त्यात कोणता विषय आला आहे आणि तो कितपत अचूक आला आहे, एवढेच आपण सामान्यतः पाहतो. पाठ्यपुस्तक हाही गद्यलेखनाचा एक प्रकार आहे, त्यालाही निवेदक असतो, त्याच्याही मनात वाचकाची एक विशिष्ट कल्पना असते, ही गोष्ट सहसा समीक्षेच्या कक्षेत येत नाही. वस्तुतः एखाद्या शास्त्राच्या दारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला आत घेणे हे ज्याचे कार्य, त्या प्रवेशग्रंथाच्या बाबतीत हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो. संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचे, म्हणजेच प्रोग्रॅमिंगचे, पहिले विद्यापीठीय शिक्षण देणाऱ्या दोन प्रसिद्ध ग्रंथांचा या दृष्टीने विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पहिला ग्रंथ ‘स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅम्स’ हा होय. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील हॅरल्ड अबेल्सन व जेराल्ड सस्मन यांनी ज्यूली सस्मन यांच्या साहाय्याने तो सिद्ध केला. त्याची पहिली आवृत्ती १९८५ साली व दुसरी १९९६ साली निघाली. त्या संस्थेतील संगणकशास्त्राचा प्रारंभीचा पाठ्यक्रम अनेक वर्षे या ग्रंथाच्या आधारे चालला. दुसरा ग्रंथ ‘हाऊ टू डिझाइन प्रोग्रॅम्स’. मथायस फेलाइझन, रॉबर्ट ब्रूस फिंडलर, मॅथ्यू फ्लॅट आणि श्रीराम कृष्णमूर्ती या चौघांचा हा ग्रंथ २००१ साली प्रसिद्ध झाला व २०१८ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. पहिल्या ग्रंथाची भाषा स्कीम. दुसऱ्याच्या अध्यापनभाषा त्याच कुळातल्या. म्हणजे या दोहोंतील भेद भाषेचा नाही. तो विद्यार्थ्याविषयीच्या कल्पनेचा आहे. दुसऱ्या ग्रंथाच्या कर्त्यांनी २००४ साली एका निबंधात पहिल्या ग्रंथावरील आपले आक्षेप स्पष्टपणे मांडलेही आहेत.

प्रथम पहिल्या ग्रंथाचा गौरव करणे न्याय्य होईल. आज्ञावली ही मुख्यतः माणसांनी वाचण्यासाठी असते, यंत्राने ती पार पाडणे हे त्या मानाने आनुषंगिक होय, ही भूमिका त्याच्या प्रस्तावनेतच घेतलेली आहे; आणि पुढील पाच प्रकरणे या भूमिकेशी एकनिष्ठ राहतात. वर्गमुळाचे उदाहरण घ्या. गणितात वर्गमुळाची व्याख्या सोपी आहे : ज्या ऋण नसलेल्या संख्येचा वर्ग दिलेल्या संख्येएवढा होतो, ती संख्या. परंतु ही व्याख्या वर्गमूळ कसे काढावे हे सांगत नाही. ग्रंथकार येथे न्यूटनची रीत पुढे करतात. दोनाचे वर्गमूळ हवे असेल, तर अंदाज १ धरावा, दोनाला त्या अंदाजाने भागून आलेला भागाकार आणि अंदाज यांची सरासरी काढावी, ती १.५ येते. पुन्हा तसेच करता १.४१६७, आणि पुन्हा करता १.४१४२. ‘काय आहे’ हे जाणणे आणि ‘कसे करावे’ हे जाणणे, या दोन ज्ञानप्रकारांतील भेद इतक्या थोड्या जागेत आणि इतक्या स्वच्छपणे क्वचितच कोणी दाखविला असेल.

रचनेच्या दृष्टीनेही या ग्रंथाचा संयम वाखाणण्याजोगा आहे. एकदा ठेवलेले मूल्य पुसून त्या जागी नवे मूल्य ठेवणे, ही क्रिया बहुतेक पाठ्यपुस्तके पहिल्या दोनचार पानांतच शिकवितात. येथे ती पहिल्या दोन प्रकरणांत मुळीच येत नाही. तिसऱ्या प्रकरणात बँकेतील खात्याचे उदाहरण येते : खात्यात १०० आहेत, २५ काढले की ७५ उरतात, तीच आज्ञा पुन्हा दिली की ५० उरतात. एकाच वाक्याचा अर्थ दोन वेळा निराळा झाला! आतापर्यंत विद्यार्थी ज्या सरळ हिशेबाने प्रत्येक वाक्याचा अर्थ लावीत आला, तो हिशेब येथे कोसळतो. हा कोसळण्याचा क्षण ग्रंथकारांनी दोन प्रकरणे राखून ठेवला आहे, आणि म्हणूनच त्याची किंमत वाचकाला कळते. उत्तम निबंधकाराची ही जाण आहे.

असे असता आक्षेपाला जागा कोठे उरते? त्याचे उत्तर पहिल्या प्रकरणातील एका उदाहरणातच सापडते. एका डॉलरची मोड पाच प्रकारच्या नाण्यांत किती रीतींनी देता येईल, असा प्रश्न ग्रंथकार घालतात. उत्तर २९२ असे आहे. ते काढण्याची युक्ती अशी : एकूण रीतींचे दोन गट करावेत, पहिल्या प्रकारचे नाणे मुळीच न वापरता होणाऱ्या रीती, आणि ते नाणे निदान एकदा वापरून होणाऱ्या रीती. दुसऱ्या गटात त्या नाण्याएवढी रक्कम वजा करून उरलेल्या रकमेचा तोच प्रश्न पुन्हा सोडवावयाचा. युक्ती अत्यंत सुंदर आहे, आणि वाचणारा तिला तत्काळ मान डोलावतो. परंतु ती सुचली कशी? ग्रंथकार ती सांगतात. तिच्यापर्यंत कसे पोहोचावे हे सांगत नाहीत. सिद्धी दिसते, साधना दिसत नाही.

ही उणीव साधी नव्हे. वर्गात प्रत्येक ओळीला होकार देणारा विद्यार्थी आपल्या खोलीवर जाऊन कोऱ्या पडद्यासमोर बसतो, तेव्हा त्याला पहिली ओळही सुचत नाही. शेजारच्या एखाद्याला ती सहज सुचलेली त्याला दिसते. मग तो जो निष्कर्ष काढतो तो आपणा शिक्षकांच्या चांगला परिचयाचा आहे : हे आपल्या बुद्धीचे काम नव्हे. शिकविण्यातील एक रिकामी जागा अशा रीतीने विद्यार्थ्याच्या स्वभावातील दोष म्हणून नोंदली जाते. प्रोग्रॅमिंग ही उपजत देणगी आहे हा जो समज सर्वत्र आढळतो, त्याचे एक मूळ येथे आहे.

आपल्या परंपरेच्या परिभाषेत सांगावयाचे तर पहिला ग्रंथ हा सूत्रग्रंथाच्या वळणाचा आहे. सूत्र अल्पाक्षर असते. त्याला वृत्ती आणि भाष्य यांची, आणि त्याहूनही समोर बसलेल्या गुरूची अपेक्षा असते. मूळ संस्थेत या ग्रंथाच्या जोडीला व्याख्याने होती, लहान गटांचे अभ्यासवर्ग होते, त्याहून लहान गटांचे मार्गदर्शन होते. ग्रंथ जगभर गेला. हे भाष्य त्याच्याबरोबर गेले नाही.

दुसरा ग्रंथ नेमका या रिकाम्या जागेवर उभा आहे. त्याचे कर्ते विद्यार्थ्याला सहा पायऱ्या घालून देतात. प्रथम, ज्या वस्तूंविषयी प्रश्न आहे त्या सामग्रीची व्याख्या करावी. दुसरे, आज्ञावली काय घेते, काय देते आणि तिचा हेतू काय, हे एका वाक्यात लिहावे. तिसरे, उदाहरणे लिहावीत : अमुक दिले असता अमुक यावे. चौथे, सामग्रीच्या व्याख्येवरून आज्ञावलीचा सांगाडा मांडावा. पाचवे, तो भरावा. सहावे, तिसऱ्या पायरीवरील उदाहरणांवर तो पारखून घ्यावा. यांतील चौथी पायरी विशेष महत्त्वाची. यादी म्हणजे एक तर रिकामी यादी, नाहीतर एक घटक आणि उरलेली यादी, अशी व्याख्या केली की आज्ञावलीचेही दोन भाग आपोआप पडतात. आणि व्याख्येत जेथे ‘यादी’ हा शब्द पुन्हा आला, तेथेच आज्ञावली स्वतःला पुन्हा बोलावते. नवशिक्याला गूढ वाटणारी पुनरावर्तनाची कल्पना येथे व्याख्येचा साधा परिणाम म्हणून प्रकट होते.

तिसऱ्या पायरीचे मोल मात्र पहिल्या ग्रंथातील वर्गमुळाकडे परत गेल्यावरच पुरते ध्यानात येते. तेथे अंदाजाचा वर्ग दिलेल्या संख्येपासून ०.००१ हून कमी अंतरावर आला की थांबावे, असा नियम आहे. हा नियम ०.०००१ या संख्येला लावून पाहिला तर वर्गमूळ ०.०१ यावयाचे ते सुमारे ०.०३२ येते, म्हणजे तिपटीहूनही अधिक. ग्रंथकारांना हा दोष ठाऊक आहे, आणि पुढील स्वाध्यायात ते तो विद्यार्थ्याकडूनच हुडकून घेतात. पहिला ग्रंथ दोष मागाहून दाखवून वाचकाला चकित करतो. दुसरा ग्रंथ उदाहरण आधी लिहावयास लावून त्याला सावध करतो. चकित होण्यात आनंद आहे हे खरे. परंतु आपल्या लेखनावर आपणच पहारा ठेवण्याची सवय आयुष्यभर पुरते.

यावर असे म्हटले जाईल की पायऱ्या घालून दिल्या की विचार संपतो आणि विधी उरतो. या आक्षेपात तथ्य आहे. हेतुवाक्य निव्वळ रकाना भरावा तसे लिहिलेले, उदाहरणे आज्ञावली लिहून झाल्यावर तिच्याच उत्तरांवरून उतरविलेली, असे घडणे अशक्य नाही. शिवाय मोडीचा प्रश्न केवळ सांगाड्याने सुटत नाही. नाण्यांच्या प्रकारांची यादी सांगाडा पुरविते खरी. परंतु रक्कम वजा करून तोच प्रश्न नव्याने उभा करण्याची कल्पना सामग्रीच्या व्याख्येत कोठेच नाही. दुसऱ्या ग्रंथाचे कर्ते हे प्रामाणिकपणे मान्य करतात. अशा पुनरावर्तनाचा विचार त्यांनी स्वतंत्र भागात केला असून तेथे प्रतिभेची गरज लागते हे लपविलेले नाही. रीत कोठपर्यंत नेते आणि स्फूर्ती कोठून सुरू होते, ही सीमा आखून दाखविणे, हेच माझ्या मते या ग्रंथाचे खरे श्रेय होय. गद्य म्हणून तो पहिल्याच्या जवळपासही येत नाही. त्याची वाक्ये सपाट आहेत, पुनरुक्ती पुष्कळ आहे. परंतु ही पुनरुक्ती भाष्यकाराची आहे.

येथे एक तिसरा मार्गही नोंदविण्याजोगा आहे. अबेल्सन यांनी अँड्रिया डिसेसा यांच्यासह पडद्यावरील कासवाला चालवून भूमिती शिकविणारे पुस्तक लिहिले होते. त्याच कासवाच्या परंपरेचा उपयोग पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अभिराम रानडे यांनी सी प्लस प्लस भाषेच्या आपल्या २०१४ सालच्या प्रवेशग्रंथात केला आहे. तेथे पहिल्याच प्रकरणात विद्यार्थी कासवाला पुढे नेतो, वळवितो आणि चौरस काढतो. समभुज त्रिकोण काढताना त्याने १२० अंशांऐवजी ६० अंशांचे वळण दिले, तर त्रिकोण मिटत नाही. षट्कोनाच्या तीन बाजू उघड्या राहतात. अपेक्षित उत्तर येथे कागदावर लिहावे लागत नाही, ते डोळ्यांत आधीच असते. उदाहरण आधी, आज्ञावली मागून, हे तत्त्व येथे निराळ्या वेषात आले आहे. मात्र चित्राचा आधार सुटल्यावर ते तत्त्व विद्यार्थ्याने जाणीवपूर्वक पाळावयाचे असते, आणि तेव्हा दुसऱ्या ग्रंथाची शिस्तच उपयोगी पडते.

पहिल्या ग्रंथावर आधारलेला पाठ्यक्रम मूळ संस्थेत २००७ नंतर बंद झाला व त्याची जागा पायथन भाषेतील, यंत्रमानवांचा उपयोग करणाऱ्या पाठ्यक्रमाने घेतली. त्यानंतर परिस्थिती आणखी पालटली आहे. आज साध्या भाषेत प्रश्न सांगितला असता आज्ञावली लिहून देणारी साधने विद्यार्थ्याच्या हाताशी आहेत. मग हा वाद जुना झाला काय? उलट तो आताच निकडीचा झाला आहे. सहा पायऱ्यांपैकी चौथी आणि पाचवी ही साधने बव्हंशी उरकतात. सामग्री म्हणजे काय, हेतू कोणता, उत्तर काय यावे आणि आलेले उत्तर ग्राह्य आहे की नाही, या चार गोष्टींची जबाबदारी माणसावरच राहते. ०.०३२ हे उत्तर कोणतेही यंत्र तितक्याच आत्मविश्वासाने पुढे करील. ते चूक आहे हे ओळखण्यासाठी ०.०१ कोणीतरी आधी लिहून ठेवलेले असावे लागते.

आपल्याकडील परीक्षांत आज्ञावली पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरविणारा विद्यार्थी अपरिचित नाही. त्याने आज्ञावलीसोबत हेतुवाक्य व तीन उदाहरणे आधी लिहावीत आणि त्यांना स्वतंत्र गुण असावेत, एवढी सुधारणा कोणत्याही खर्चावाचून करता येईल. पहिला ग्रंथ पाठ्यक्रमातून काढावा, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याचे स्थान दुसऱ्या वर्षात आहे. ज्याने स्वतः कोऱ्या पडद्यावर पाचपन्नास आज्ञावली रचल्या आहेत, त्यालाच मोडीच्या त्या युक्तीतील सौंदर्य खऱ्या अर्थाने दिसेल. कारण ती सुचणे किती कठीण होते, हे त्याला ठाऊक असेल.